ऑफिसातली भानगड सांगितली तर नोकरी वाचते का? जागल्यांच्या कायद्याची साध्या भाषेत गोष्ट

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी फोंड्याला बँकेत पासबुक भरायला गेलो होतो, मशीन नेहमीप्रमाणे बंद, म्हणून लाईनीत उभे. भिंतीवर सतर्कता सप्ताहाचा बॅनर लावलेला. सरदार पटेलांच्या जयंतीच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या आसपास दर वर्षी हा सप्ताह असतो, सगळा स्टाफ उभा राहून शपथ घेतो, फोटो काढतो आणि परत काउंटरवर. बॅनरच्या खाली एक ओळ होती, तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जाईल. माझ्याबरोबर एक मित्र होता, एका औषध कंपनीच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. त्याने ती ओळ दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, "हें आमकां लागू जाता?"

बाहेर गाड्यावर भाजी-पाव घेतला तेव्हा त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. स्टोअर रूमच्या तापमानाचं लॉगबुक. चार दिवस, तीन शिफ्ट, बारा नोंदी. बाराही नोंदी २४.२, बाराही एकाच निळ्या पेनाने आणि एकाच अक्षरात, सह्या मात्र तीन वेगवेगळ्या माणसांच्या. त्यातले दोन दिवस तिथला एसी बंद होता, मेकॅनिकला फोन यानेच केला होता. सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुका कित्याक जाय हें सगळें?" म्हणजे तुला कशाला हवं हे सगळं.

मित्राचं नाव, कंपनीचं नाव, इस्टेटचं नाव काहीच लिहीत नाही, कारण नाव फुटलं की काय होतं हाच या लेखाचा विषय आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी नीट देता आलं नाही. नंतर बसून वाचलं, एका वकील ओळखीच्याला विचारलं, आणि जे कळलं ते इथे लिहितोय. मी वकील नाही, त्यामुळे प्रत्यक्ष पाऊल टाकायच्या आधी वकिलाकडे जा.

आधी शब्द कळू दे

आपण काम करतो तिथे लोकांचं नुकसान करणारी किंवा बेकायदेशीर गोष्ट चालली आहे हे आतल्या माणसाने बाहेर किंवा वर सांगणं म्हणजे व्हिसलब्लोइंग, आणि असं सांगणारा तो व्हिसलब्लोअर. मराठी पेपरांनी त्याला जागल्या हा शब्द दिलाय, पूर्वी गावात रात्री पहारा देणारा असायचा तो. मला हा शब्द आवडतो. आमच्याकडे गोव्यात राखणदार म्हणतात पण तो देवचार झाला, त्याला लोक रोट, विडी, कोल्हापुरी वाहाणा वाहतात. ऑफिसातल्या राखणदाराला मेमो मिळतो.

एक फरक मात्र पहिल्यांदाच डोक्यात बसवायला हवा. माझं इन्क्रिमेंट अडवलं, माझी रजा नाकारली, ही झाली आपली स्वतःची तक्रार, तिचे रस्ते वेगळे. जागल्या सांगतो ती गोष्ट त्याच्या एकट्याच्या फायद्या-तोट्याची नसते. तापमानाची खोटी नोंद झाली तर माझ्या मित्राच्या पगारात एक रुपयाही कमी-जास्त होत नाही, त्रास झालाच तर ते औषध घेणाऱ्या कुणाला तरी होणार. लोक हे दोन्ही एकाच अर्जात घालतात आणि मग वरचा साहेब म्हणतो, अरे याचं प्रमोशन हुकलंय म्हणून हा बोलतोय.

बांधाला भोक पडलंय हे पहिल्यांदा कुणाला दिसतं?

खाजन शेती बघितलेल्यांना हे लगेच कळेल. नदीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध असतो, मानशीच्या दारांनी पाणी आत-बाहेर सोडतात, आणि बांधात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बिळं करतात. बीळ लहान असतं तेव्हा ते पंचायतीला दिसत नाही, सरकारी इंजिनियरला दिसत नाही, रोज बांधावरून चालत जाणाऱ्यालाच दिसतं. तेव्हाच चिखल भरला तर अर्ध्या तासाचं काम. नाहीतर एखाद्या मोठ्या भरतीला बांध फुटतो, शेतात खारं पाणी शिरतं आणि ती जमीन परत भातासाठी गोडी व्हायला काही पावसाळे जातात.

कंपनी असो, बँक असो, सरकारी खातं असो, सगळीकडे हेच. ऑडिटर वर्षातून एकदा येतो, इन्स्पेक्टर येणार हे बऱ्याचदा आधी कळतं, बीळ कुठे आहे ते फक्त आतल्याला माहीत. आमच्या खाणींचंच घ्या ना. बेकायदेशीर खाणकामावरचा न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला, नुकसानीचा अंदाज जवळपास ३५ हजार कोटी रुपयांचा. मग खाणी बंद, गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेची याचिका, सुप्रीम कोर्टाचा एप्रिल २०१४ चा निकाल, पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द. म्हणजे गोष्ट बाहेर आली ती आयोगाने आणि बाहेरच्या याचिकेने. पण वजनकाट्यावर बसणारा, बार्जवर माल मोजणारा, लॅबमध्ये ग्रेड काढणारा, ट्रकवाला, एवढे हजारो लोक रोज ते डोळ्यांनी बघत होते की. ते का बोलले नाहीत असं विचारणं सोपं आहे. बोलून जायचं कुठे, आणि दुसऱ्या दिवशी कामावर कोण घेणार होतं?

आतल्या माणसाने भोक लहान असताना ओरडावं असं वाटत असेल तर ओरडल्याबद्दल त्याला बांधावरून ढकलणार नाही एवढी हमी तरी हवी. जागल्यांचा कायदा म्हणजे ही हमी, बाकी सगळा तपशील.

कायदा पास झालाय. लागू नाही.

हे वाचून मी स्वतः चाट पडलो होतो. व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्ट २०१४ मध्ये संसदेने पास केला, मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. पण त्यातच लिहिलंय की केंद्र सरकार अधिसूचना काढेल त्या तारखेपासून तो लागू होईल. ती अधिसूचना अजून निघालेली नाही. घर बांधून झालं, रंग झाला, पण राहायला जायचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेटच दिलं नाही, असा प्रकार. २०१५ मध्ये सरकारने त्यात दुरुस्ती आणली, देशाची सुरक्षा वगैरे दहा प्रकारच्या माहितीबद्दल तक्रारच करता येऊ नये अशी. लोकसभेत ती पास झाली, राज्यसभेत अडकली आणि २०१९ मध्ये लोकसभा बरखास्त झाल्यावर गेली. मूळ कायदा आहे तिथेच.

त्यात होतं काय ते तरी बघा. तक्रारदाराला त्रास दिला तर हा त्रास तक्रारीमुळे दिलेला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावर. एरवी आपल्याला सिद्ध करावं लागतं की साहेबाने डूख धरला, आणि डूख कुणी लेखी देत नाही, म्हणून ही एकच तरतूद सोन्यासारखी. तक्रारदाराचं नाव फोडलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. उलट बाजूला, मुद्दाम खोटी तक्रार केली तर २ वर्षांपर्यंत कैद आणि ३० हजारांपर्यंत दंड. आणि हा कायदाही सरकारी लोकसेवकांच्या भानगडींपुरताच. म्हणजे उद्या लागू झाला तरी माझ्या मित्राच्या लॉगबुकला तो हात लावत नाही.

मग बँकेतला बॅनर कसला होता?

तो २००४ च्या एका सरकारी ठरावाचा. ठरावाला लोक पिडपी म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून, अर्थ जनहितार्थ माहिती देणं आणि माहिती देणाऱ्याचं संरक्षण. त्याच्यामागे सत्येंद्र दुबे यांची गोष्ट आहे आणि ती माहीत असायला हवी.

दुबे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात इंजिनियर होते, सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर. कामात चाललेली गडबड त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवली आणि माझं नाव गुप्त ठेवा असं लिहिलं. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्यांचा गोळी घालून खून झाला. सीबीआयच्या तपासात तो लुटमारीतला खून म्हणून पुढे आला आणि २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. खुनाचा आणि पत्राचा संबंध कोर्टात उभा राहिला नाही, पण नाव गुप्त ठेवा म्हणणाऱ्याचं नाव फाईलभर फिरलं हे कुणी नाकारलं नाही. देशभर ओरड झाली, सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं, आणि मग २१ एप्रिल २००४ ला हा ठराव आला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००५ मध्ये, पेट्रोलची भेसळ पकडणारे इंडियन ऑइलचे मंजुनाथ षण्मुगम उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला मारले गेले.

ठराव म्हणजे कायदा नव्हे, पण तो आज चालू आहे. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिल्लीला जाते. केंद्र सरकारची खाती, सरकारी बँका, केंद्राच्या कंपन्या हे सगळं त्यात येतं, म्हणजे गोव्यातलं कस्टम्स, बंदर, वास्कोचा सरकारी शिपयार्ड, पोस्ट, रेल्वे वगैरे.

पद्धत थोडी जुन्या वळणाची आहे आणि ती तशीच पाळायची, नाहीतर संरक्षण सुटतं. ईमेल नाही, पोर्टल नाही. बंद लिफाफा, त्यावर ठळक लिहायचं की ही जनहितार्थ माहितीच्या ठरावाखालची तक्रार आहे, आणि लिफाफ्यावर बाहेर आपलं नाव-पत्ता टाकायचा नाही. नाव-पत्ता आत, तक्रारीच्या सुरुवातीला किंवा शेवटी, किंवा सोबतच्या वेगळ्या पत्रात. आयोग पोच देत नाही, पोचपावती म्हणजे एक जादा कागद आणि जादा डोळे. नंतर ते तुम्हाला पत्राने विचारतात की हे तुम्हीच लिहिलंय ना आणि दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही ना. इथेच लोक घसरतात. आपल्याला सवय असते, एक कॉपी मंत्र्याला, एक खात्याच्या डायरेक्टरला, एक पेपरवाल्याला. तशी कॉपी मारलीत की तुमचं नाव तुम्हीच वाटलंत, आयोग मग काय लपवणार?

राज्य सरकारात आहात?

मग वरचा लिफाफा तुमच्यासाठी नाही. पंचायत, पीडब्ल्यूडी, वीज खातं, आरोग्य खातं, इथली तक्रार राज्याच्या दक्षता खात्याकडे किंवा लोकायुक्तांकडे. गोव्याचा लोकायुक्त कायदा २०११ चा, पहिले लोकायुक्त २०१३ मध्ये बसले. २०२० मध्ये निवृत्त होताना न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा उघडच बोलले होते की आपल्या अहवालांवर सरकारने काही केलं नाही. खुद्द लोकायुक्तांची ही कथा, तर पेडण्याहून रातोरात काणकोणला बदली झालेल्या ज्युनियर इंजिनियरने कुणाच्या तोंडाकडे बघायचं, हा माझा प्रश्न, कायद्याचा नव्हे.

एक हत्यार मात्र आपल्याकडे जुनं आहे. माहितीचा अधिकार देशाला २००५ मध्ये मिळाला, गोव्याचा स्वतःचा कायदा १९९७ चा. आतल्या माणसाने कागद बाहेर काढण्यापेक्षा बाहेरच्या कुणी नागरिकाने नेमका फाईल नंबर घालून आरटीआय टाकला तर तोच कागद सरकारी शिक्क्यासकट येतो. नेमका नंबर त्या नागरिकाला कसा कळला हे विचारायची सोय कायद्यात नाही, अर्जदाराला कारण द्यावं लागत नाही.

खासगी कंपनीत आहात? मग आधी कंपनीची वेबसाईट उघडा

२०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १७७ आहे. शेअर बाजारात नोंद असलेली प्रत्येक कंपनी, लोकांकडून ठेवी घेणारी कंपनी, आणि बँका-वित्तसंस्थांकडून ५० कोटींपेक्षा जास्त कर्ज काढलेली कंपनी, या सगळ्यांना तक्रारीची एक आतली खिडकी ठेवावीच लागते. कायद्यात तिला व्हिजिल मेकॅनिझम म्हणतात, मी खिडकी म्हणतो. तिथे तक्रार करणाऱ्याचा छळ होणार नाही याची सोय ठेवायची, आणि गंभीर प्रकरणात त्याला थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाकडे जाता आलं पाहिजे. ऑडिट कमिटी म्हणजे संचालकांची ती छोटी समिती जी हिशेबांवर नजर ठेवते. या खिडकीची माहिती वेबसाईटवर टाकणंही बंधनकारक आहे.

मित्राची कंपनी शेअर बाजारात आहे, हेड ऑफिस मुंबईला. वेबसाईटवर एकदम खाली, गुंतवणूकदारांच्या पानात, कुणी उघडू नये अशा ठिकाणी ती पॉलिसी सापडली. अकरा पानं. आठव्या पानावर अध्यक्षांचा ईमेल. हा माणूस तिथे नऊ वर्षं कामाला आहे, इंडक्शनच्या दिवशी सही पण केलेली आहे, आणि ही पॉलिसी आहे हे त्याला भाजी-पावाच्या गाड्यावर कळलं.

खिडकीचा उपयोग आहे कारण ती प्लांट मॅनेजरच्या डोक्यावरून जाते. तिची अडचण ही की छळ झालाच तर कंपनीला थेट फटका देणारा दात कायद्याला फारसा नाही. सोय ठेवा म्हटलंय, सोय मोडली तर त्या कर्मचाऱ्याला परत कामावर घ्या असं कुठे म्हटलेलं नाही. आणि ज्या कंपनीला खिडकीच लागू नाही, लहान हॉटेल, शॅक, ठेकेदार, प्रायव्हेट हॉस्पिटल, तिथे तेवढंही नाही. ऑक्टोबर ते मे सीझनवर ठेवलेल्या पोराला काढायचीही गरज नसते, पुढच्या सीझनला बोलवायचं नाही झालं.

कामगार कायदा थोडा आधार देतो. सूडबुद्धीने काढून टाकणं ही त्यात अनुचित प्रथा आहे, जुन्या कायद्यातही होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितांमध्येही आहे. त्यातच आणखी एक, जिवाला किंवा आरोग्याला लगेचचा धोका दिसला तर कर्मचारी मालकाला आणि त्याच वेळी सरकारी इन्स्पेक्टरलाही कळवू शकतो. पण सूडाने काढल्याचं संरक्षण कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला. मॅनेजर बाहेर, आणि महिना १८ हजारांवर पगार असलेला सुपरवायझरही बाहेर. म्हणून तर कंपन्या सगळ्यांना एक्झिक्युटिव्ह करून टाकतात, कार्डावर एक्झिक्युटिव्ह आणि काम रजिस्टर भरायचं. कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, रोज प्रत्यक्ष काय काम करतो ते बघतं. त्यामुळे आपण दिवसभर काय करतो त्याचे कागद जपून ठेवा, वेळेला कामाला येतात.

दोन ठिकाणी मात्र कायदा खरंच जागा आहे

एक म्हणजे शेअर बाजार. कंपनीची आतली बातमी वापरून शेअर घेणं-विकणं म्हणजे इनसायडर ट्रेडिंग, त्याची पक्की माहिती दिली तर सेबी, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था, वसूल झालेल्या रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत बक्षीस देते, २०२१ पासून त्याची मर्यादा १० कोटी. नाव गुप्त, आणि सेबीकडे जाऊ नये म्हणून कंपनीने करारात काही घातलं असेल तर ते कलम रद्दबातल. दुसरं लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती, चौकशीला ९० दिवस, गुप्तता बंधनकारक, आणि आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे बघा, सरकारने मनावर घेतलं तर चांगला कायदा लिहिता येतो आणि लागूही करता येतो. शेअर बाजारातल्या खबऱ्याला १० कोटींपर्यंत, आणि रस्त्यातलं डांबर कमी घातलं हे सांगणाऱ्याला दिल्लीचा बंद लिफाफा, ही वाटणी मला तरी पटत नाही.

आणि आमच्या औषध कारखान्यांसाठी एक गंमतशीर, खरं म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. रॅनबॅक्सीतल्या खोट्या चाचणी-नोंदी दिनेश ठाकूर या तिथल्याच माजी अधिकाऱ्याने उघड केल्या, पण अमेरिकेत. तिथे १८६३ पासून एक कायदा आहे, सरकारला फसवणाऱ्या विरुद्ध नागरिकाने दावा लावायचा आणि वसुलीतला वाटा घ्यायचा. २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, ठाकूरांच्या वाट्याला ४.८ कोटी डॉलरच्या वर आले. भारतीय माणूस, भारतीय कंपनी, हिमाचल आणि मध्य प्रदेशातले प्लांट, आणि कायदा कामाला आला अमेरिकेचा.

पण मग लोक विचारतात...

*निनावी पत्र टाकलं तर?* डोक्याला ताप कमी, पण बहुतेक ठिकाणी ते कचऱ्यात जातं. दक्षता आयोग निनावी तक्रारीवर कारवाई करत नाही, २०१४ च्या कायद्यातही तेच लिहिलंय. शिवाय पाच माणसांच्या डिपार्टमेंटमध्ये निनावी असं काही नसतं, मजकूर वाचून कळतं कोणी लिहिलं. निनावी म्हणजे नाव नसणं, गुप्त म्हणजे नाव फक्त एकाकडे असणं. कायदा जी काही मदत करतो ती दुसऱ्याला.

*आरोप चुकीचा निघाला तर मीच अडकेन ना?* चुकणं आणि खोटं बोलणं वेगळं. शिक्षा मुद्दाम खोट्याला आहे. म्हणून लिहिताना स्वतः पाहिलेलं तेवढंच लिहा. मित्राने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की डेटा फ्रॉड चालू आहे आणि मॅनेजरने करायला लावलं. मॅनेजरने लावलं हे त्याने बघितलंय का? नाही. मग ते कापलं. बारा नोंदी, एकच अक्षर, एसी बंद असल्याची मेंटेनन्सची एंट्री, एवढं राहिलं, आणि तेवढंच जास्त जड वाटतं.

*कंपनीच्या गुप्ततेच्या करारावर सही केलीय.* गुन्हा झाकण्यासाठी केलेला करार कोर्टात टिकत नाही, १८७२ च्या करार कायद्यापासून हे तत्त्व आहे. पण याचा अर्थ अख्खा फोल्डर स्वतःच्या जीमेलवर पाठवायचा असा नाही. तसं केलंत की मूळ भानगड बाजूला राहते आणि तुमच्यावर डेटा चोरीची केस लागते, कंपन्यांचा हा आवडता डाव. कागद नेऊ नका, कागदाचा पत्ता न्या. रजिस्टर नंबर, पान, तारीख, शिफ्ट. मित्राच्या मोबाईलमधला तो फोटो म्हणूनच मला टोचत होता, प्लांटमध्ये कॅमेऱ्याला बंदी आहे.

*सरळ पेपरात दिलं किंवा फेसबुकवर टाकलं तर?* कधी कधी त्यानेच काम होतं हे खरं. पण वरची सगळी संरक्षणं ठरलेल्या दारात गेलेल्याला आहेत, चव्हाट्यावर गेलेल्याला नाहीत. बदनामीचा कायदा बघा, न्याय संहितेचं कलम ३५६, २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यालाच अपवाद आहे की ज्याला त्या बाबतीत अधिकार आहे अशा माणसाकडे चांगल्या हेतूने केलेली तक्रार ही बदनामी नाही. तेच वाक्य ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाला लिहिलं तर तुम्ही सुरक्षित, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं तर आरोपी.

*जिवाला धोका असेल तर?* मग हे नोकरीचं प्रकरण राहत नाही. साक्षीदार संरक्षण योजना सुप्रीम कोर्टाने ५ डिसेंबर २०१८ ला देशभर लागू केली, नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातही राज्यांनी अशी योजना करायची असं आहे. गुन्हा नोंद असेल आणि तुम्ही साक्षीदार असाल तर संरक्षणासाठी अर्ज करता येतो.

सूड कसा दिसतो, आणि वही कशाला

थेट काढून टाकणारे साहेब फार थोडे, ते मूर्ख असतात. हुशार साहेब बाजूला टाकतो. मीटिंगला बोलवत नाहीत. पाच वर्षं चांगला आलेला रिपोर्ट सहाव्या वर्षी बिघडतो. बसच्या रूटवरून नाव जातं. जेवणाच्या टेबलावर तिघे उठून दुसरीकडे बसतात. यातलं एकेक घेऊन वकिलाकडे गेलात तर वकील हसेल, पण तारखा लावून ओळीत मांडलं तर चित्र दिसतं. तक्रार ६ तारखेला आणि पहिला मेमो १९ तारखेला, हे कोर्टाला लगेच कळतं.

म्हणून मित्राला म्हटलं की आधी स्टेशनरीच्या दुकानातून शंभर पानी वही घे, कंपनीची डायरी नको, ती कंपनीची असते. रोज तारीख, वेळ, कोण काय बोललं, कुणासमोर. ईमेल केल्यावर त्याची प्रिंट घरी. तोंडी ऑर्डर मिळाली तर लगेच एक साधा मेसेज, सर तुम्ही आत्ता असं सांगितलंत, तसं करतोय. त्या मेसेजला सहसा उत्तर येत नाही. नाही आलं तरी चालतं.

तीन आठवडे तो विचार करत होता. घराचं कर्ज आहे, मुलगी दहावीला, बायको म्हणाली तुझं तू बघ पण पगार यायला हवा. शेवटी नोव्हेंबरमध्ये एका रविवारी पॉलिसीच्या आठव्या पानावरच्या पत्त्यावर दीड पानी ईमेल गेला, फोटो न जोडता. नवव्या दिवशी मुंबईहून पोच आली, तक्रारीला एक नंबर पडला. डिसेंबरपासून त्याला सलग नाईट लावली आहे, सुपरवायझर म्हणतो रोटेशन आहे. असेलही रोटेशन. त्याने तारीख, वेळ आणि सुपरवायझरचं वाक्य वहीत उतरवून ठेवलंय, खाली शिफ्टवर तेव्हा हजर असलेल्या दोघांची नावं.